एकाच उबुंटूवर अनेक पायथन: या चुका टाळा

पायथनची पॅकेजेस टाकणारं पिप म्हणतं पॅकेज इन्स्टॉल झालं, आणि प्रोग्रॅम चालवला की 'मॉड्यूल सापडलं नाही'. ते परत परत टाकत बसू नका. पॅकेज गेलंय एका पायथनमध्ये, प्रोग्रॅम चालतोय दुसऱ्यावर. टर्मिनलमध्ये 'टाइप -ए पायथन३' द्या: पाथमधले (टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्यांतले) सगळे पायथन ओळीनं दिसतात, चालतो तो सगळ्यात वरचा. आणि नुसतं पिप न लिहिता 'पायथन३ -एम पिप' लिहा, म्हणजे पॅकेज त्याच पायथनमध्ये जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिस्टिमच्या पायथनला हात लावणं. उबुंटू २४.०४ मध्ये तो ३.१२ असतो. नवी आवृत्ती हवी म्हणून यूएसआर-बिनमधली पायथन३ ची लिंक तिच्याकडे वळवली, की उबुंटूच्या स्वतःच्या साधनांना लागणारं 'एपीटी_पीकेजी' हे मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. नोम टर्मिनलही उघडेनासं होतं. यांना लागणारी मॉड्यूल्स ३.१२ साठीच कंपाइल केलेली असतात, दुसऱ्या आवृत्तीला ती चालत नाहीत. असं झालंच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून लॉगिन करा आणि सुडोनं लिंक परत ३.१२ कडे करा. ओएस नव्यानं टाकायची गरज नाही.

जादा आवृत्त्यांसाठी पायएन्व्ह हा पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम बरा, कारण तो त्या होम फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवतो. पण तो पायथन तुमच्याच मशीनवर कंपाइल करतो. एसक्यूलाइट किंवा लिबएफएफआय या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइल्स) आधी टाकलेली नसतील, तर नुसती वॉर्निंग येऊन बिल्ड पुरा होतो, आणि एसक्यूलाइट३ किंवा सीटाइप्स इम्पोर्ट करताना गाडी अडते. पॅकेज नंतर टाकून भागत नाही, ती आवृत्ती पुन्हा बिल्ड करावी लागते. म्हणून स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळी वाचाच.

भलतीच आवृत्ती चालत असेल तर 'पायएन्व्ह व्हर्जन' द्या. ती कुठल्या फाइलमुळे निवडली गेली तेही कळतं. बहुतेकदा वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये विसरलेली '.पायथन-व्हर्जन' फाइल निघते.

आवृत्ती बदलली तरी जुना व्हेन्व्ह (एका प्रोजेक्टपुरती पॅकेजेस वेगळी ठेवणारा फोल्डर) बदलत नाही. तो ज्या पायथननं बनवला त्यालाच बांधलेला असतो. पिप फ्रीझनं पॅकेजेसची यादी काढून घ्या, व्हेन्व्हचा फोल्डर उडवा, नवा बनवा.

यॅमल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायची साधी टेक्स्ट फाइल) पायथनची आवृत्ती ३.१० द्यायची असेल तर ती अवतरणचिन्हांतच लिहा. नाहीतर तो दशांश अपूर्णांक धरला जातो आणि ३.१ होतो.