हाताने विणलेले मोजे लवकर फाटतात? या चुका टाळा

हाताने विणलेला मोजा फाटला की दोष लोकरीला दिला जातो. "हल्ली पूर्वीसारखी लोकर मिळत नाही," हे वाक्य मी फार ऐकलं आहे. दुरुस्तीला आलेला प्रत्येक मोजा मी आधी उजेडासमोर धरून पाहते. फार थोड्या मोज्यांत खरा दोष लोकरीचा निघतो. बाकीच्यांची वीण सैल असते, नाहीतर मजबुती भलत्याच जागी दिलेली असते, नाहीतर मोजा विरत चाललेला दिसत असूनही कोणी वेळेवर सुई हातात घेतलेली नसते. चार सुयांवर टाच वळवायला शिकलेल्या माणसाचे कष्ट असे वाया गेलेले बघवत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सैल वीण

सगळ्यात जास्त मोजे याच चुकीने जातात. स्वेटरच्या सवयीने लोक दहा नंबरच्या जाड सुया घेतात, कारण त्यांच्यावर काम भराभर पुढे सरकतं. स्वेटर अंगावर नुसता असतो, पण मोज्यावर अख्ख्या शरीराचं वजन पडतं आणि प्रत्येक पावलाला तो बुटात थोडा पुढेमागे घासतो. वीण सैल असली की टाके जागचे हलतात, लोकरीचे तंतू एकमेकांवर घासून तुटतात आणि त्यांचे गोळे होऊन निघून जातात. घट्ट विणीत टाक्याला हलायला जागा नसते आणि घर्षण जास्त धाग्यांत वाटलं जातं.

मोज्यासाठी जी बारीक चार पदरी लोकर मिळते, तिच्या १०० ग्रॅमच्या लडीत साधारण ४०० मीटर धागा असतो. तिला १३ नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुया घ्या. हात सैल असेल तर १४ नंबर, म्हणजे २ मिलिमीटर. दहा सेंटिमीटरमध्ये ३२ च्या आसपास टाके बसले पाहिजेत. नमुन्याचा तुकडाही गोलच विणा. सपाट विणताना बऱ्याच जणींची उलट सुई सैल पडते. गोल विणताना उलट सुई येतच नाही, त्यामुळे सपाट तुकड्यावरून घेतलेलं माप मोज्याला लागू पडत नाही.

तुकडा झाला की दोन्ही हातांनी थोडा ताणून खिडकीसमोर धरा. टाक्यांमधून उजेड ठिपक्याठिपक्यांनी आत येत असेल, तर सुई आणखी बारीक हवी. नव्याने शिकणाऱ्या मुली यावर कुरकुर करतात, "यात दुप्पट वेळ जाईल." जातोच. पहिला मोजा लवकर पुरा करायची घाई असेल तर टोपी विणावी, तिला घर्षण सोसावं लागत नाही.

मोजा पायापेक्षा थोडा लहानच हवा. पावलाचा घेर २३ सेंटिमीटर असेल तर मोज्याचा घेर २० ते २१ पुरे, म्हणजे वरच्या मापाने ६४ ते ६८ टाके. सैल मोजा बुटात गोळा होतो आणि प्रत्येक घडीच्या रेषेवर विरतो.

मऊ लोकर बघून भुलणं

दुकानात लडी गालाला लावून पाहायची आणि सगळ्यात मऊ ती घ्यायची, ही पद्धत शालीसाठी ठीक आहे. मोज्याला पीळ लागतो. एकपदरी, जेमतेम पीळ दिलेली मेरिनो मेंढीची लोकर हाताला लोण्यासारखी लागते आणि तळव्याखाली तेवढ्याच सहज विरते. तीन किंवा चार पदर घट्ट पिळलेले असावेत आणि तीन भाग लोकरीला एक भाग नायलॉन असावं. ७५-२५ असं प्रमाण लेबलवर छापलेलं असतं. नायलॉन नको असेल त्यांनी मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस, मिसळलेली लोकर शोधावी, तिचा तंतू लांब आणि चिवट असतो. आपल्या दख्खनी मेंढीची जाड लोकर घोंगडीत वर्षानुवर्षं टिकते, पण मोज्यात ती पायाला टोचते. मऊपणा आणि टिकाऊपणा यांत कुठे थांबायचं, ते पाय कोणाचा आहे यावर ठरवावं. तान्ह्या बाळाच्या मोज्याला मऊच हवं, ते कुठे चालतंय!

मजबुती भलत्या जागी

याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण ही चूक मेहनती माणसं करतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचा भाऊ हिवाळ्यात उत्तराखंडात केदारकांठाच्या ट्रेकला निघाला होता. तिने त्याच्यासाठी मोजे विणले. टाचेची पट्टी तिने पुस्तकात देतात तशी केली होती: सरळ सुईला एक टाका न विणता उचलायचा, पुढचा सुलट विणायचा, असं शेवटपर्यंत. उलट सुईला पहिला टाका उचलून बाकी सगळे उलट. असं केलं की उचललेल्या टाक्यांच्या मागून धागा आडवा जातो आणि पट्टी जवळजवळ दुप्पट जाड होते. वर तिने लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागाही घेतला होता. काम नेटकं होतं.

भाऊ परत आला तेव्हा ती मोजे घेऊन आली. "काकू, टाच तर दुहेरी विणली होती, मग फाटलं कसं?" मी मोजा पालथ्या वाटीवर चढवला आणि तिला दाखवलं. टाचेची पट्टी कोरी करकरीत होती, लोकरीची लवसुद्धा उडाली नव्हती. भोक होतं त्या पट्टीच्या खाली, जिथे टाच वळते आणि जमिनीला टेकते तिथे. दुसरं भोक चवड्याखाली पडू घातलं होतं, तिथे फक्त जाळी उरली होती. मुक्कामावर त्या पोराने शिवणाच्या दोऱ्याने भोकाच्या कडा ओढून गाठ मारली होती. ती गाठ दुसऱ्या दिवशी चालताना टाचेखाली आली आणि त्याला फोड आला. बर्फात फोड आलेल्या पायाने उतरायचं म्हणजे काय, ते त्याच्या बहिणीने मला रडवेल्या आवाजात सांगितलं.

पुस्तकातली पट्टी चुकीची नाही. ती टाचेच्या मागच्या बाजूचं रक्षण करते, जिथे बुटाची कड घासते. पण टाच वळवताना बहुतेक जणी साध्या सुलट विणीवर येतात आणि नायलॉनचा धागा तोडून टाकतात, आणि नेमकं तिथेच सगळं वजन पडतं.

मजबुती कुठे द्यायची ते आधी पाय बघून ठरवा. ज्याच्यासाठी विणायचं त्याची रोजची जुनी चप्पल मागून घ्या आणि ती कुठे झिजली आहे ते पाहा. काहींची टाच बाहेरच्या अंगाने झिजते, काहींचा चवडा अंगठ्याच्या बाजूने. जुने विकतचे मोजे असतील तर तेही उजेडासमोर धरा. कोणत्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा यातून जास्त कळतं.

माझी पद्धत अशी. टाचेच्या पट्टीवर उचललेल्या टाक्यांची वीण घालते. टाच वळवतानाही एक उचल, एक विण हा क्रम मोडत नाही. नायलॉनचा धागा पट्टीच्या पहिल्या सुईपासून सोबत घेते आणि टाच वळून झाल्यावरही दोन-तीन सेंटिमीटर तळव्यात पुढे नेते. तळव्यावर मात्र उचललेल्या टाक्यांची वीण नेऊ नये. ती उभ्या अंगाने आखडते, वरची बाजू साध्या विणीची राहते आणि मोजा तळव्याकडे ओढला जातो. तिथे फक्त जोडधागा, म्हणजे सोबत घेतलेला नायलॉनचा धागा, पुरतो. गोल विणताना धागा फक्त तळव्यापुरता ठेवायचा म्हटलं तर प्रत्येक फेरीत तो परत सुरुवातीला आणायची पंचाईत होते. मी तो सरळ पूर्ण फेरीत जाऊ देते. पायाची वरची बाजूही थोडी जाड होते, त्याने कोणाचं बिघडलेलं नाही. मग मध्ये साधं विणून चवडा सुरू व्हायच्या आधी पुन्हा जोडधागा घेते आणि टोकापर्यंत नेते. धाग्याच्या सुरुवातीला गाठ मारू नका, सात-आठ टाके लोकरीबरोबर विणून टोक मोकळं सोडा आणि शेवटी आतून ओवून टाका.

त्या मुलीला मी चवड्याचा भाग उसवून पुन्हा विणायला लावला. वरून खाली विणलेल्या मोज्याचा हा मोठा फायदा आहे. वीण शेवटाकडून उसवते, त्यामुळे बोटांकडचा भाग खराब झाला तर तेवढाच काढून नवा विणता येतो. बोटांकडून सुरुवात करणारे मोजे हल्ली आवडीने विणले जातात, त्यांना ही सोय नाही.

शिवणाचा दोरा सोबत घेणं

मशीनवरचा पॉलिएस्टरचा दोरा घरात असतो, म्हणून जोडधागा म्हणून तोच वापरतात. तो कडक आणि घट्ट पिळलेला असतो, ताण आला की लोकरीत रुततो. शिवाय धुतल्यावर लोकर थोडी आटते आणि दोरा आटत नाही, त्यामुळे आत त्याचे फास लोंबतात आणि पायाची बोटं त्यात अडकतात. मोज्यासाठी लोकर-नायलॉनचा खास बारीक धागा छोट्या रिळावर मिळतो. काही परदेशी लडींच्या आत त्याच रंगाचं रीळ ठेवलेलं असतं, ते लोक निरुपयोगी समजून फेकतात. तसं करू नका. धागा नाहीच मिळाला तर बारीक मोहेर घ्या.

भोक पडायची वाट पाहणं

विरलेल्या जागी टाके अजून शाबूत असतात, फक्त बारीक झालेले असतात. त्यांच्यावरून बोथट सुईने लोकर ओवत जायचं, प्रत्येक टाक्याची वाट धरून: खालून वर यायचं, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून जायचं, पुन्हा खाली आलो तिथेच उतरायचं. विरलेल्या जागेच्या भोवती दोन-तीन धड टाकेही त्यात घ्या. नाहीतर मजबूत ठिगळाच्या कडेला लगेच नवी फट पडते. लोकर ओढून ताणू नका. एका संध्याकाळी एका मोज्याचं हे काम होतं आणि पायाला काही टोचत नाही.

भोक पडलं की हे टाके उरत नाहीत. मग उभे धागे घालून त्यांत आडवे विणावे लागतात. ते रफू टिकतं, पण ते मोज्यासारखं ताणलं जात नाही आणि टाचेखाली ते वेगळं जाणवतं. म्हणून मी महिन्यातून एकदा सगळे मोजे धुतल्यावर हात आत घालून उजेडासमोर धरते. आणि प्रत्येक जोडीची उरलेली लोकर, दहा ग्रॅम का असेना, जपून ठेवते. मोज्याबरोबर तीही धुवावी, म्हणजे ठिगळ नंतर आटत नाही.

कापड चिकटवायचा गोंद लावून भोक बंद करणारेही भेटतात. तो सुकून कडक होतो, त्याच्या कडेने लोकर तुटते आणि पुढे रफूसुद्धा करता येत नाही. कृपा करून हे करू नका.

उरलेल्या चुका

तळव्यात गाठ मारून लोकर जोडणं. जोड नेहमी पायाच्या वरच्या बाजूला आणा.

अंगठ्याच्या टोकाशी मोजा अपुरा ठेवणं. टाके कमी करायला लागण्याआधी एक सेंटिमीटर साधं विणा.

टाचेच्या भेगा. कोरड्या, भेगाळलेल्या टाचेवर लोकर प्रत्येक पावलाला खरवडली जाते. रात्री कोकमाचं तेल गरम करून भेगांत भरा, कोकणात पिढ्यान्पिढ्या भरतात. पाय मऊ होईपर्यंत चांगले मोजे घालू नका. नखंही कापा.

शहाबादी फरशीवर किंवा गच्चीवर नुसत्या मोज्यांनी फिरणं. घरात सपाता वापरा.

रोज एकच जोडी घालणं. घामाने ओलसर लोकर लवकर तुटते, मोज्याला मध्ये एक दिवस तरी वाळायला द्या.

साबणाची वडी आणि ब्रश. टाच काळी दिसली की ब्रशने घासली जाते आणि घासून मोजा एका हिवाळ्यात म्हातारा होतो. कपडे धुवायची वडी अल्कलीची असते, ती लोकरीला खाते. थंड किंवा अगदी कोमट पाण्यात रिठा नाहीतर सौम्य शाम्पू घाला, मोजे पाव तास भिजवा, दाबून पाणी काढा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि मग सावलीत वाळवा. कामाला येणाऱ्या मावशींना हे मोजे बादलीत देऊच नका, त्यांच्या हातात वेळ कमी असतो.

न धुता कपाटात ठेवणं. घामाच्या डागांवर कसर आधी लागते आणि मग त्या भोकांचा दोष विणीला दिला जातो.

किती दुरुस्त करायचं?

तळव्याचा निम्म्याहून जास्त भाग जाळीसारखा झाला असेल तर रफू करत बसू नका. घोट्याच्या वरचा भाग बहुतेक वेळा नव्यासारखाच असतो. घोट्याच्या खाली, टाचेची पट्टी सुरू होते त्याच्या जरा वर, एक फेरी निवडा. त्या फेरीतला एक टाका कात्रीने कापा, धागा फेरीभर सोडवत जा आणि वरचे सुटे टाके सुयांवर घ्या. तिथून खाली नवी टाच, नवा तळवा आणि नवा चवडा विणा. लोकर तीच नाही मिळाली तर दुसऱ्या रंगाची घ्या. हे काम हातात घेण्याआधी सुयांचा नंबर मात्र पुन्हा तपासा, कारण पहिला तळवा सैल विणीनेच गेला असेल तर त्याच सुयांवर दुसराही तसाच जाईल.