टचपॅडवर तीन बोटं चालणारं लिनक्स हवंय? या चुका टाळा

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हापासून सांगली-मिरजेत जुना लॅपटॉप हातात घेऊन येणाऱ्याचं मागणं ठरलेलं: “विंडोजसारखंच दिसणारं लिनक्स टाका, आणि तीन बोटांनी खिडक्या सरकल्या पाहिजेत.” मागणी रास्त आहे, पण या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळतीलच असं नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्क्रीनशॉट बघून निवडणं. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू हे रूप लिनक्सच्या जवळपास कुठल्याही डेस्कटॉपला, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीला, देता येतं. जेस्चरचं, म्हणजे टचपॅडवर बोटं फिरवून काम करून घेण्याचं, तसं नाही. पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा खाली कुठली चालतेय, नवं वेलँड की जुनं एक्स११, यावर ते ठरतं. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप मुळातच विंडोजच्या वळणाचा, आणि २०२२च्या ५.२५ आवृत्तीपासून त्यात बोटाबरोबर पडदा सरकतो, पण फक्त वेलँडवर. गोम इथेच आहे. प्लाझ्मा चांगला म्हणून कुणी प्लाझ्मा असलेलं लिनक्स, कुबुंटू २४.०४, टाकतो, त्यात ५.२७ आहे आणि तो सुरू होतो एक्स११वर. मग तीन बोटं फिरवत बसा! प्लाझ्मा ६ असलेलं काही घ्या, त्यात वेलँडच मूळ निवड आहे.

मिंट या लिनक्सचा सिनॅमन डेस्कटॉप नवख्याला सगळ्यात ओळखीचा वाटतो. त्यात जेस्चर २०२३च्या २१.२ आवृत्तीत आले आणि एक्स११वरही चालतात, कारण मागे टचेग नावाचा प्रोग्रॅम काम करतो. फक्त ते आधी बंद असतात. “मिंटमध्ये जेस्चर नाहीत” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सिस्टीम सेटिंग्जमधलं ‘जेस्चर्स’ कधी उघडलेलंच नसतं. तिथे तीन-चार बोटांच्या हालचालींना हवं ते काम नेमता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी डोळे झाकून हेच सुचवेन.

जीनोम या डेस्कटॉपची जेस्चर २०२१च्या ४० आवृत्तीपासून उत्तम आहेत, पण त्याचं रूप वेगळं. एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावून टास्कबार आणता येतो. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की तेच एक्स्टेन्शन रुसू शकतं. ती कटकट नको असेल तर झोरिन हे लिनक्स बघा, त्यात जीनोमलाच विंडोजचं रूप दिलेलं असतं. एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका आहे, पण त्याची स्वतःची अशी जेस्चर नाहीत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवून, चाचणी घेऊ नका. आतल्या सिस्टीमला तुमचा टचपॅड दिसतच नाही, दिसतो साधा माउस. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, स्वतःच्याच लॅपटॉपवर. (लग्नपत्रिका श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणाऱ्यांनी मात्र विंडोज पुसू नये. पोट त्यावर आहे.)

टाकून झालं आणि जेस्चर गप्प असले, तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून वेलँड लिहिलंय की एक्स११, ते वाचा. मिंट सोडून इतरत्र एक्स११ दिसलं तर लॉगआउट करा. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात सेशन बदलायची सोय असते.

जुन्या व्हिडिओत सांगतात म्हणून सिनॅप्टिक्स हा टचपॅडचा जुना ड्रायव्हर टाकू नका. हल्ली टचपॅड लिबइनपुट नावाचं नवं सॉफ्टवेअर सांभाळतं. एक्स११वर सिनॅप्टिक्स त्याची जागा बळकावतो आणि चालू असलेले जेस्चरही जातात. टाकला असेल तर काढून रीस्टार्ट करा.

एवढं करूनही काही हललं नाही, तर दोष टचपॅडचा असू शकतो. काही जुन्या टचपॅडना दोनच बोटं, तीही ढोबळ कळतात. तिथे डेस्कटॉप बदलून उपयोग नाही. दोन बोटांचं स्क्रोल आणि ऑल्ट-टॅब यांवर भागवावं लागतं.