पहिली सुपारी गळली की त्याच संध्याकाळी कळवा

तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्राचा) सरत आला. 20 जुलैच्या सुमारास म्हातारा (पुष्याचा) लागेल. गोव्यातल्या कुळागरवाल्यांसाठी, म्हणजे सुपारीच्या बागा असलेल्यांसाठी, वर्षातले हेच दिवस वाईट. दोन सरी, मग ऊन, परत सर, आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. कोळेरोगाला, म्हणजे सुपारी कुजवून गाळणाऱ्या बुरशीला, एवढंच पुरतं. मिरगाआधी ज्यांनी पहिली फवारणी उरकली त्यांचे 40 ते 45 दिवस आता भरत आलेत. मिळेल त्या पहिल्या उघडिपीत दुसरी घ्या. पाऊस लांबला तर तिसरीही लागेल.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दरवर्षी कुळागरं झडतात, आणि माझ्या बघण्यात बहुतेक वेळा कारण एकच निघतं: ज्याच्याकडे रोग आधी आला त्याने शेजाऱ्याला सांगितलं नाही. खिशात मोबाइल, मोबाइलवर बागायतदारांचा ग्रुप, ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार. पण "माझ्याकडे गळ सुरू झाली" एवढं लिहायला कुणाचा हात उठत नाही.

माझाही उठला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) चार माडींखाली, म्हणजे सुपारीच्या झाडांखाली, पंधरा-वीस हिरव्या सुपाऱ्या पडलेल्या दिसल्या. एक उचलली. देठाकडच्या टोपीजवळ गर्द हिरवा, पाणी मुरल्यासारखा डाग, तकाकी गेलेली. दुसऱ्या दिवशी त्याच सुपारीवर कापसासारखी पांढरी बुरशी. शंकेला जागाच नव्हती. पण माझी पहिली फवारणी पाडेली (झाडावर चढणारा माणूस) न मिळाल्यामुळे उशिरा झाली होती आणि ते चारचौघांत कबूल करायची लाज वाटली. शनिवारी खालच्या कुळागरातल्या काकांचा फोन आला, "अरे, तुझ्याकडे काय आहे का?" तोवर त्यांचे घोसच्या घोस गेले होते. चवथीला गणपतीवरच्या माटोळीत (फळाफुलांच्या मांडवीत) बांधायला त्यांनी सुपारी विकत आणली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने पसरतो, बांध त्याला अडवत नाही. तुमच्याकडे मंगळवारी दिसला तर उताराच्या खालच्या माणसाला त्याच संध्याकाळी कळायला हवा. पूर्वी लोक बांधावर उभे राहून कुकारे घालायचे. आता मोबाइल आहे, पण आमच्या वाड्यावर (वस्तीत) रेंज देवळाच्या सोप्यावरच येते. म्हणून मी संदेश कुळागरातच लिहून ठेवतो आणि संध्याकाळी देवळाकडे गेलो की तो आपोआप जातो. शेजाऱ्याकडे स्मार्टफोन नसेल तर त्याच्या मुलाला पाठवा. तोही नसेल तर चालत जा.

आता फोटोविषयी. ग्रुपवर येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे काही कामाचे नसतात. खालून, उजेडाकडे तोंड करून काढलेला काळा घोस, त्याखाली "काय झालं?" यावर देवसुद्धा उत्तर देणार नाही. भिंगावरचा पावसाचा थेंब आधी सदऱ्याने पुसा. पहिला फोटो पूर्ण झाडाचा, दुसरा घोसाचा, तिसरा पडलेल्या सुपारीचा हातावर धरून, टोपीची बाजू वर. भाजीपाल्याचं असेल तर पानाचा खालचा भाग हवाच. काकडी-दोडक्यावरचा केवडा वरून नुसता पिवळ्या, शिरांच्या मधोमध अडलेल्या चौकोनी ठिपक्यांसारखा दिसतो. पान उलटलं की करडी बुरशी. सोबत चार गोष्टी लिहा किंवा बोलून पाठवा: कधी दिसलं, किती झाडांना, शेवटची फवारणी कसली आणि कधी, झाड व्हाळाकडे की वर. कोंकणीत बोललात तरी चालेल, ग्रुपवर सगळेच घरचे आहेत.

वांगं मरत असेल तर झाडाचा फोटो पाठवूच नका. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, दोन-तीन दिवसांत आडवं होतं. मुळकुज, पाणी साचणं आणि जिवाणूजन्य मर, फोटोत तिन्ही सारखीच. खोड जमिनीजवळ कापा, बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लोंबता धरा आणि थांबा. थोड्या वेळात कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर ती जिवाणूजन्य मर. मागे काळं कापड ठेवून त्या पेल्याचा फोटो पाठवा. गोव्याच्या आंबट जमिनीत हा रोग नवा नाही, आणि बुरशीनाशकाने तो जात नाही. दुकानात मात्र याच झाडाच्या फोटोवर तीन बाटल्या मिळतात. झाड मुळासकट उपटून जाळा, त्या वाफ्यात दोन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो लावू नका. आगशी-ताळगावच्या वांग्याचं बी कुणाला देणार असाल तर निरोगी वाफ्यातलं द्या आणि वाफा कुठला तेही सांगा.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ग्रुपवर फोटो पडला की पहिलं उत्तर बहुधा विकणाऱ्याचं येतं, आणि त्यात रोगाच्या नावाआधी मालाचं नाव असतं. आमच्या ग्रुपवर आम्ही एक नियम केला: जो विकतो त्याने औषध सुचवायचं नाही, सुचवलंच तर लेबलचा फोटो टाकायचा, पीक आणि मात्रा वाचता येईल असा. तेव्हापासून सूचना बऱ्याच कमी झाल्या. घाटापलीकडून आलेले व्हिडिओही जपून बघा. तिकडची मात्रा एकरी की हेक्टरी हे न बघता इथे बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात) कुणी मोरचूद वाढवतो, कुणी चुना आखडतो, आणि कोवळे घोस करपतात. शंका आली तर आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा, जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत नमुना घेऊन जा, किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा. तो फुकट आहे, सकाळी 6 ते रात्री 10 चालू असतो.

कोळेरोगाला 1 टक्का बोर्डोच पुरे आहे. प्रमाण सगळ्यांना पाठ आहे म्हणतात, तरी लिहितो. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दहा लिटरसाठी दोन्ही 100-100 ग्रॅम. प्लास्टिकची भांडी घ्या, लोखंडी नको. निम्म्या पाण्यात मोरचूद, निम्म्यात चुना वेगळा भिजवा, गाळा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. चकचकीत सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घाला. केलेलं त्याच दिवशी संपवा. हवा लागून पीठ झालेला चुना वापरू नका, मग सुरी कितीही बुडवली तरी हिशेब लागत नाही.

फवारणी घोस कोरडे असताना करावी हे पुस्तकातलं. माझा अंदाज असा: झावळीवरून थेंब टपकायचे थांबल्यावर तासभर जाऊ द्या आणि नंतर तीन तास तरी पाऊस नको. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा हवामान सल्ला येतो, तो ग्रुपवर टाका. पण समोरच्या डोंगरावर ढग उतरला असेल तर ॲप काहीही म्हणो, पंप खाली ठेवा. आणि व्हाळाकडची झाडं आधी घ्या. दरवर्षी रोग तिथूनच सुरू होताना पाहिलाय.

बाकी कामं:
- पडलेल्या सुपाऱ्या रोज वेचा, कुळागराबाहेर नेऊन जाळा. खताच्या खड्ड्यात नको.
- रोगट घोस उतरवताना खाली ताडपत्री धरा.
- चर साफ, बुंध्यात पाणी नको.
- मिरीच्या वेलावर कडा पिंजलेले काळे डाग दिसले तर पानांवर 1 टक्का बोर्डो, बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड 0.2 टक्के, म्हणजे लिटरला 2 ग्रॅम.
- भेंडीचं शिरा पिवळ्या पडलेलं झाड उपटा, बी धरू नका.
- काकडी, दोडकी, कारली: फळमाशीला क्यू ल्यूरचे सापळे, परसाला दोन. किडकी फळं पुरा.
- सातशिरी भेंडी, तांबडी भाजी, चिबुडाचं जास्तीचं बी असेल तर ग्रुपवर लिहा. बी धरल्याचं वर्ष लिहायला विसरू नका.

ग्रुपचा खरा उपयोग पाडेल्यासाठी आहे. उघडीप सगळ्यांना एकाच दिवशी मिळते, आणि झाडावर चढणारी माणसं पंचक्रोशीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझी ती पहिली फवारणी चुकली ती त्यामुळेच. म्हणून माणूस ठरला की आदल्या रात्री लिहा: "आमच्याकडे गुरुवारी येतोय, दुपारपर्यंत मोकळा होईल, पंप आणि बोर्डोचं सामान आमच्याकडे आहे." मोरचूद-चुना ज्याचा त्याने भरायचा, मजुरी झाडांवर वाटायची. पुढच्या दोन कुळागरांचा क्रम तिथेच लावून टाका, आणि क्रम लावताना उताराच्या वरच्याला आधी घ्या.