कंट्री ऑफिसची देशी संस्था करताय? या चुका टाळा, आम्ही बऱ्याच करून बसलोय

परदेशी स्वयंसेवी संस्थेचं भारतातलं ऑफिस, म्हणजे कंट्री ऑफिस; तिथे एक दिवस परदेशातल्या हेड ऑफिसचा मेल येतो की आता भारतातलं काम भारतातल्याच लोकांनी, इथलीच वेगळी संस्था काढून चालवायचं, आणि ऑफिसात पेढे वाटले जातात. आमच्याकडे पण वाटले. नाव काय ठेवायचं, लोगोचा रंग कुठला यावर चार मीटिंगा झाल्या आणि मग अकाउंट्सवाल्या ताईंनी हळूच विचारलं, पैसे नक्की कुठल्या खात्यात येणार? सगळे चहाच्या कपात बघायला लागले.

तर सगळ्यात महाग चूक तीच. संस्था रजिस्टर झाली म्हणजे बाहेरचे पैसे घेता येतात असं अजिबात नाही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्यासाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी लागते आणि त्या काळात मूळ कामावर 15 लाख रुपये तरी खर्च झालेले दाखवावे लागतात. तोवर काय, तर प्रायर परमिशन, म्हणजे सरकारची आधी घेतलेली परवानगी: ठरलेला देणगीदार, ठरलेली रक्कम, ठरलेलं काम आणि पैसे देणार असं देणगीदाराचं कमिटमेंट लेटर. त्यात डोनर संस्था आणि नवी संस्था दोन्हीकडे तेच लोक असतील तर नव्या संस्थेचा चीफ फंक्शनरी (मुख्य जबाबदार पदाधिकारी) डोनर संस्थेचा माणूस चालत नाही, म्हणजे जुन्या साहेबांना फक्त खुर्ची बदलून बसवायचा प्लॅन असेल तर आधी नियम वाचा.

"मग जुन्या खात्यातले पैसे नव्यात टाकू ना" हे प्रत्येक ऑफिसात कोणीतरी म्हणतंच. जुनं ऑफिस इथेच रजिस्टर झालेली, एफसीआरए असलेली सोसायटी किंवा ट्रस्ट असेल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत, तिच्याकडे एफसीआरए असली तरी नाही. आणि ऑफिस आरबीआयच्या परवानगीवर चालणारं परदेशी संस्थेचं असेल तर हिशोबच वेगळा. आपण यातलं नक्की काय आहोत हे पहिल्या आठवड्यातच सीएकडून लिहून घ्या, आम्हाला ते आठव्या महिन्यात कळलं. जमत असेल तर नवी संस्था 3-4 वर्षं आधीच काढा आणि गावातल्या देणग्यांवर छोटं का होईना काम चालू ठेवा.

दुसरं म्हणजे वरखर्च. आधी डायरेक्टरचा पगार, भाडं, ऑडिट सगळं हेड ऑफिस बघायचं, आता परदेशी पैशातला 20 टक्क्यांच्या वर प्रशासनावर जाऊ शकत नाही (आधी 50 होता), त्यामुळे जुन्या थाटाचं ऑफिस परवडत नाही, पॉश एरियातली जागा सोडा.

एकाच झऱ्यावर विसंबणं ही चूक मोठ्यांनाही भोवते. ऑक्सफॅम या जागतिक स्वयंसेवी संस्थेच्या वेगवेगळ्या देशांतल्या शाखांचं इथलं काम एकत्र करून 2008 मध्ये ऑक्सफॅम इंडिया उभी राहिली, नावाजलेली संस्था, पण 2021 संपताना एफसीआरएचं रिन्युअल मिळालं नाही आणि परदेशी पैसा थांबला. सीएसआरचे, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात ते पैसे घेऊ म्हणाल तर तिथेही सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म लागतो आणि नवख्या संस्थेला बहुतेक वेळा 3 वर्षांचा कामाचा रेकॉर्ड मागतात. 12ए (संस्थेला इन्कम टॅक्सची सूट) आणि 80जी (देणगीदाराला सूट) यांचे अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

नावाचं पण बघा. वॉटरएड इथे जल सेवा चॅरिटेबल फाउंडेशन या नावाने रजिस्टर्ड आहे, सेव्ह द चिल्ड्रन म्हणजे बाल रक्षा भारत. दारावरच्या पाटीवर काहीही असो, पॅन, पावती आणि बँक यांच्यावर एकच कायदेशीर नाव पाहिजे, नाहीतर देणगीदाराला 80जीची सूट अडकते आणि शिव्या फ्रंट डेस्कवरची पोरगी खाते.

स्टाफला राजीनामे द्यायला लावून दुसऱ्या दिवशी नवं लेटर देणं हा आमचा सगळ्यात लाजिरवाणा प्रकार. सलग नोकरी धरणार की नाही, जुनी ग्रॅच्युइटी कोण देणार हे लिहून न देता सह्या घेतल्या आणि 14 वर्षं गाव पालथं घातलेला आमचा फील्डवाला दादा मला म्हणाला, "मॅडम, मी फ्रेशर झालो का?" ते पत्र आधी द्या, सही नंतर मागा.

सामानाची यादी तर कोणीच मनावर घेत नाही. खुर्च्या-लॅपटॉपवर जुन्या संस्थेचे स्टिकर, ते कुठल्या डोनरच्या पैशातून आले, त्याची परवानगी घेतली का, एकेक बघावं लागतं. आमची बोलेरो अजूनही आरसी बुकवर जुन्याच नावाने आहे, जुन्या संस्थेचे सही करणारे दोघं परदेशात आणि पुढच्या महिन्यात इन्शुरन्स संपतोय.