तेलाच्या गुणवत्तेसाठी उत्परिवर्तन पैदास: हाती आलेला म्युटंट गमावणाऱ्या या चुका टाळा

जनुकं बदलावीत म्हणून बियाण्याला गॅमा किरण दिले, हजारो रोपं वाढवली, तरी तेलात काहीच फरक नाही? आधी दोन गोष्टी पाहा: तपासणी कोणत्या पिढीत केली आणि नमुना किती बियांचा घेतला. म्युटंट, म्हणजे जनुक बदललेली बी किंवा रोप, बऱ्याचदा तयार झालेला असतो, तो निवडीत निसटतो.

प्रक्रिया केलेल्या बीपासून आलेलं झाड, म्हणजे एम१, तपासून निराश होऊ नका. त्याची एखादीच फांदी बदललेली असते आणि बहुतेक बदल अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्याशिवाय न दिसणारे, असतात. ते उघड होतात या झाडावर धरलेल्या बियांत, म्हणजे एम२ पिढीत.

इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते: झाडाच्या सगळ्या बिया एकत्र दळल्या जातात. तेलातली आम्लं (ओलेइक, लिनोलेइक, लिनोलेनिक ही मेदाम्लं) मुख्यतः त्या त्या बीतल्या गर्भाच्या जनुकांवर ठरतात, म्हणून एकाच बोंडातल्या बियाही वेगळ्या निघतात. साध्या बीत ओलेइक २५ टक्के आणि म्युटंट बीत ८० टक्के धरा. चारांतली एक बी म्युटंट असेल, तर सरासरी जेमतेम ३९ भरते. बदल एकाच फांदीत असेल तर त्याहून कमी. म्हणून बी सुटी तपासा. अर्धबीज पद्धतीत बीजदलाचा तुकडा गॅस क्रोमॅटोग्राफीला (मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या चाचणीला) जातो आणि अंकुराचा भाग रुजवता येतो. काम किचकट आहे, पण इथे कंजुषी करू नका.

अर्धवट उतरलेला आकडाही फेकू नका. ऑस्ट्रेलियात ग्रीन आणि मार्शल यांना ईएमएस (जनुकांत बदल घडवणारं रसायन) वापरून जवसाचे दोन म्युटंट मिळाले. दोन्हींत लिनोलेनिक आम्ल थोडंच घटलं होतं. त्या दोघांच्या संकरानंतर ते २ टक्क्यांच्या आसपास आलं, कारण ते दोन जनुकं मिळून घडवतात. भुईमुगातही ओलेइक भरपूर वाढवायचं तर दोन जनुकं निकामी व्हावी लागतात.

हवामानही फसवतं. सूर्यफुलात दाणे भरताना गारवा असला की लिनोलेइक वाढतं, ओलेइक घटतं. तुलनेसाठी मूळ वाण त्याच हंगामात, शेजारच्या ओळीतच हवा.

किरणांची किंवा रसायनाची मात्रा प्रत्येक वाणासाठी आधी छोट्या चाचणीत ठरवा. ईएमएस पाण्यात विघटित होतं, त्यामुळे द्रावण ताजंच वापरा. ते कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) हवेतच.

निवडलेल्या सूर्यफुलावर फुलण्याआधीच पिशवी चढवा. परका पराग आला, तर त्याच वर्षीच्या बियांचं तेल बदलतं.