थंडीत घरी नेल आर्ट करताय? या चुका टाळा

मागच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळून झाले, घाईत हात धुतले आणि लगेच नखांना निऑन केशरी लावायला बसले. दुसऱ्या दिवशी काळी साडी नेसून हळदीकुंकवाला निघाले, तर अंगठ्यावरचा अख्खा रंग लसणाच्या सालीसारखा निघून हातात आला. पॉलिश चांगलीच होती. लाडू वळताना तळहाताला लावलेलं तूप नखांच्या कडांना राहिलं होतं.

हिवाळ्यात हे हमखास होतं. हात फुटतात म्हणून आपण दिवसभर खोबरेल तेल नाहीतर क्रीम लावत असतो, आणि तेलकट नखावर रंग धरत नाही. बेस कोटच्या, म्हणजे रंगाखाली लावायच्या पारदर्शक थराच्या, आधी कापसावर रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख कडांसकट पुसा. तेल लावायचंच आहे, पण रंग पूर्ण वाळल्यावर.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा बाटलीतली पॉलिशही घट्ट होते. ब्रश उचलला की तार सुटते, नखावर रेघा उठतात. अशा वेळी बाटलीत रिमूव्हर ओतू नका, रंग बिघडतो. जोरात हलवूही नका, बुडबुडे येतात. बाटली दोन्ही तळहातांत धरून दोन मिनिटं रवीसारखी फिरवा. तरी घट्टच राहिली, तर नेल पॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात. शेगडी किंवा हीटरजवळ बाटली कधीच ठेवू नका, पॉलिश पटकन पेट घेते. मी तर आता रात्रीऐवजी दुपारीच बसते, खोली उबदार असते.

नागपूरच्या बर्डी बाजारातून हौसेने आणलेला निऑन रंग नखावर फिका दिसतो, अशी तक्रार मैत्रिणी नेहमी करतात. निऑन बहुधा पारदर्शक असतो. खाली पांढऱ्या पॉलिशचा एक पातळ थर द्या, मग बघा पिवळा आणि गुलाबी कसे उठून दिसतात! फिका दिसतो म्हणून जाड थर देऊ नका. वरून वाळतो, आत ओलाच राहतो, आणि रात्री दुलईचे ठसे उमटतात. दोन पातळ थर द्या, मध्ये थांबा. दोन नखं एकमेकांना हळूच टेकवा. चिकटली नाहीत, तरच टूथपिकने ठिपके काढा. टूथपिकचं टोक मधूनमधून पुसा, नाहीतर ठिपक्यांना शेपट्या येतात.

गरम हवेच्या ड्रायरनेही बुडबुडे येतात, थंड हवा चालते.

टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, नखाच्या टोकावरूनही फिरवा, रंग तिथूनच उडायला लागतो. त्यानंतर काही तास गीझरच्या गरम पाण्यात हात घालू नका. नख पाणी पिऊन फुगतं, रंग मात्र त्याच्यासोबत ताणला जात नाही. भांडी दुसऱ्या दिवशी घासा, तीही हातमोजे घालून. आणि ताज्या नखांनी संत्रं सोलू नका. सालीतलं तेल ओला रंग मऊ करतं. त्या संध्याकाळी कुणाकडून तरी सोलून घ्या.