जुन्या रिव्हॉल्व्हरला नवा रंग द्यायचाय? आधी या चुका टाळा

आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर आबाजींचं. वेब्ली या विलायती कंपनीचं, .३२ बोअरचं, मधून मोडून उघडणारं. काटोलकडच्या मालगुजारीच्या दिवसांत घरात आलं. १९५१ साली मालगुजारी गेली, वाडा पडला, संत्र्याच्या बागेच्या वाटण्या झाल्या, हे मात्र टिकलं. ऐंशीच्या दशकात बाबांना ते फारच कळकट दिसायला लागलं. दुकानदार म्हणाला, "होऊन जाते ना जी, आरशावानी करून देतो." आणि खरोखर आरशासारखं करून दिलं. बफच्या, म्हणजे पॉलिश करायच्या कापडी चाकावर धरून सगळं एकसारखं घासलं, वर काळाभोर रंग चढवला. घरातले सगळे खूश.

बाबा गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा टेबलामागच्या माणसाने भिंग काढलं. फ्रेमवरचा नंबर बघितला, पुन्हा बघितला, आणि विचारलं, "हा आठ आहे का तीन जी?" त्या एका आकड्यापायी मी जुनं लायसन्सचं पुस्तक, खरेदीची पिवळी पडलेली पावती आणि आबाजींच्या काळातले कागद घेऊन कितीतरी चकरा मारल्या. तेव्हापासून कोणी जुनं हत्यार दाखवून "याला पॉलिश करून घेऊ का?" असं विचारलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: नंबर वाचता येतो का?

नंबर आणि खुणा घासू देणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो. रंग उडणं ही दिसण्याची गोष्ट आहे, नंबर उडणं ही कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ सांगतं की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसायची, काढायची किंवा बदलायची नाही. आणि अशी पुसलेली बंदूक तुमच्या ताब्यात सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते तुम्हीच केलं असं धरलं जातं. तीस वर्षांपूर्वी बाबांनी विश्वासाने कोणाच्या तरी हातात दिलं होतं, हे तुम्ही कशाने सिद्ध करणार?

ठोकलेली अक्षरं धातूत फार खोल नसतात. बफच्या मऊ चाकाचा स्वभावच असा, की ते कडा आधी खातं. चाक अक्षरावरून फिरलं की अक्षराची धार जाते, स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो, आणि फ्रेमच्या सरळ रेषा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. नवा रंग कितीही गडद असला तरी हे झाकलं जात नाही. उलट चकाकीत जास्त उठून दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. ऐंशीच्या दशकापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची किंमत बरीचशी त्यावरच्या नावात आहे: वेब्ली अँड स्कॉट, बंदुका तपासून पास करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे मुकुटवाले ठसे, सरकारी हत्यार असेल तर रुंद बाणाची खूण. घेणारा लायसन्सवालाही आधी तेच शोधतो. अक्षरं पुसट आणि अंग चकचकीत, असं हत्यार पाहिलं की जाणकार माणूस ते हळूच खाली ठेवतो.

काम करायचंच ठरलं असेल, तर आधी चांगल्या उजेडात, तिरक्या प्रकाशात, प्रत्येक नंबरचे आणि ठशांचे फोटो काढून ठेवा. गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, तोंडी नाही, कागदावर लिहून द्या: अक्षरांच्या भागावर चाक लावायचं नाही, हाताने करायचं.

झीज आणि गंज एकच समजणं

नळीच्या तोंडाशी रंग उडालाय, चक्रीच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) कडा पांढऱ्या झाल्यात, मुठीच्या वरच्या भागात करडी चमक आलीय. ही म्यानाची झीज. कमरेला लावून काढून, लावून काढून झालेली. तिथलं पोलाद उघडं आहे, पण निरोगी आहे. तेल लावत राहिलं तर अजून पन्नास वर्षं तसंच राहील.

चक्रीभोवती गोल ओरखडा असतो, तोही पुष्कळांना खटकतो. चक्री अडवणारा खटका तिच्यावर घासत फिरतो, त्याची ती रेघ. वापरातल्या रिव्हॉल्व्हरवर ती येतेच. रंग देऊन घालवलीत तर थोड्याच वापरात परत येईल.

गंजाचं तसं नाही. ओळखायचा साधा उपाय: हत्यार रिकामं असल्याची खात्री करा (उघडून काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, "मीच कालच रिकामं केलं" हे चालत नाही), पातळ तेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पांढऱ्या सुती कापडाने पुसा. कापडावर तांबूस-नारिंगी रंग आला तर गंज जिवंत आहे, खातोय. कापड तपकिरी-करडं झालं आणि डाग गुळगुळीत लागला, तर तो बहुधा जुना, थांबलेला डाग. जिवंत गंजाला तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हाताने. चिकट ठिपक्यासाठी मी आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा वापरतो. ती १९४३ ते ४७ मधली कांस्याची नाणी पोलादापेक्षा मऊ आहेत, त्यामुळे तेलात बुडवून कडेने खरवडलं तर गंज निघतो आणि पोलादाला ओरखडा पडत नाही. निकेल चढवलेल्या हत्यारावर मात्र यातलं काहीच करू नका. निकेल सोलायला लागलं असेल तर घासून ते आणखी सुटतं, आणि पितळ उजळायचं अमोनियावालं पॉलिश त्याच्याखालच्या तांब्याच्या थरापर्यंत पोहोचून त्याला खातं.

गंजाने खड्डे पाडले असतील, तर मनाशी हिशोब करा. खड्डा भरता येत नाही. तो घालवायचा म्हणजे आजूबाजूचा धातू त्याच्या तळापर्यंत उतरवायचा. मुठीच्या पट्टीवर ते चालेल. चक्रीवर, जिथे काडतुसाच्या घराची भिंत आधीच पातळ आहे, तिथे चालणार नाही. तिथले खड्डे तसेच काळे राहू द्यावेत. ते दिसतात, दिसू द्या.

आत न बघता बाहेर रंगवणं

जुन्या गाडीला आधी डेंटिंग-पेंटिंग करणारा माणूस आणि आधी रिव्हॉल्व्हर रंगवणारा माणूस, दोघांचा शेवट एकच: पैसे बाहेर गेले, इंजिन तसंच. रंगाचा विचार करायच्या आधी घोडा (मागचा हॅमर, बोटाने दाबायचा ट्रिगर नव्हे) हळूहळू मागे ओढून बघा. घोडा अडकायच्या आत चक्री जागेवर बसून घट्ट झाली पाहिजे, सहाही घरांना. एखाद्या घराला ती थोडी मागे राहत असेल तर नळी आणि घर एका रेषेत येत नाही. मोडून उघडणाऱ्या वेब्लीत, आणि त्याच धाटणीवर बनलेल्या कानपूरच्या सरकारी .३२ मध्येही, बिजागरी आणि वरचं कुलूप ढिलं झालंय का बघा. नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून हलवली की कळतं. नळीच्या मागच्या तोंडाशी टॉर्च धरून खड्डे बघा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटमुळे मिठासारखा क्षार मागे राहायचा, आणि शिकारीहून आल्यावर नळी गरम पाण्याने न धुणाऱ्यांची हत्यारं आतून अशीच खाल्लेली सापडतात.

यातलं काही बिघडलेलं निघालं, तर पैसे तिथे लावा. आणि ते दुरुस्त होण्यासारखं नसेल, तर रंगाचा प्रश्न आपोआप मिटला.

"क्रोमवाल्याकडून करून घेऊ"

मोटरसायकलचं हँडल चमकवणारं दुकान गल्लीत आहे, सायलेन्सर किती छान करून दिलं, मग हे का नाही? एक म्हणजे, कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती करायलाही लायसन्स लागतं, आणि ते त्या दुकानदाराकडे नाही. दुसरं, विजेच्या प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो. योग्य वेळी भट्टीत तापवून तो काढला नाही तर कडक पोलाद, विशेषतः स्प्रिंग, ठिसूळ होते. तिसरं, थर चढला की माप बदलतं, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये केसाएवढ्या फटीवर सगळं चालतं.

हत्यार गनस्मिथकडे भाच्याच्या हातून पाठवत असाल, तर सोबत तुमची लेखी परवानगी द्या. दुरुस्तीसाठी किंवा लायसन्सच्या नूतनीकरणासाठी, लायसन्सधारकाच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याने हत्यार नेण्याची सोय कलम ३ मध्येच आहे. "आमचाच पोरगा आहे ना जी" या वाक्याची तशी सोय नाही.

रंगाचा चुकीचा प्रकार निवडणं

काळा-निळा रंग म्हणजे पेंट नव्हे, पोलादाच्या पृष्ठभागावरच तयार केलेला लोहाचा काळा ऑक्साइड. तो आणायच्या वाटा वेगळ्या.

बाटलीतला थंड रंग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, थर अगदी पातळ बसतो. एखादा ओरखडा झाकायला ठीक. पूर्ण हत्यार त्याने काळं केलं, तर थोड्याच दिवसांत तळहाताच्या घामाने चट्टे पडतात, आणि घासल्यावर एक विचित्र वास येतो, त्यावरून ओळखणारे ओळखतात.

गरम क्षाराची पद्धत कारखान्यात चालते: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण, साधारण १४० अंशांवर उकळतं. पक्का, सुंदर रंग. पण घरी करायची गोष्ट नाही, हात-डोळे जातील. शिवाय ते द्रावण अॅल्युमिनियम विरघळवतं आणि कथलाने जोडलेला भाग सोडवतं. सगळे भाग सुटे न करता बुडवलं तर क्षार सांध्यांत अडकतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी सांध्याशी पांढरी भुकटी फुलून आली, की समजा धुण्यात कसूर झालीय. परत नेऊन उघडून धुवून घ्या, वर तेल लावून झाकू नका. आणि घोडा किंवा खटका काळा न होता जांभळट-तांबूस झाला असेल, तर तो बहुधा कडक केलेल्या पोलादाचा गुण असतो, दर वेळी कारागिराचा दोष नसतो.

तिसरी वाट गंजाचीच: मुद्दाम बारीक एकसारखा गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करून घ्यायचा, ब्रशने झाडायचा, पुन्हा चढवायचा. असं कितीतरी वेळा. जुन्या हत्याराला शोभतो तो हाच मऊ, खोल काळा. वेळखाऊ आहे, करणारे हात कमी आहेत, आणि त्याला दमट हवा लागते. आपल्या नागपुरात मे महिन्यात लोखंडसुद्धा गंजायला कंटाळतं. हे काम श्रावणात चांगलं होतं.

मग रंग द्यावाच कधी? माझ्या मते तीनच वेळा. आधीच कोणीतरी चुकीचं काम करून मूळ रंग घालवला असेल. गंज सारखा परत येत असेल आणि पोलाद सगळीकडे उघडं असेल. किंवा हत्यार रोज वापरात असेल आणि तुम्हाला त्याच्या जुनेपणाशी देणंघेणं नसेल. मूळ रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर हात लावू नका. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यात परत आलेल्या हत्यारावर काम झाल्याची तारेची खूण मारायची पद्धत होती. म्हणजे खुद्द बनवणाऱ्यानेही "हे आता पहिल्यासारखं नाही" हे सांगून टाकलं. आपल्याकडे ती खूण कोणी मारत नाही, म्हणून फोटो आणि पावती हीच आपली खूण.

रंग झाला, तरी गंज परत आला

असं झालं तर दोष रंगात नसतो, कपाटात असतो. पावसाळ्याला सगळे घाबरतात, पण नागपूरकरांचा खरा शत्रू कूलर. मार्च ते जून ज्या खोलीत वाळ्याची ताटी आणि पाणी फेकणारा पंखा चालतो, त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात हत्यार ठेवलेलं असतं. बाहेर ४५ अंशांचं कोरडं ऊन, आत ओल. कपाट दुसऱ्या खोलीत हलवा, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहा.

आणि चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातले कमावण्याचे क्षार पोलादाला आणि पितळेला खातात. आबाजींच्या म्यानाचा आकार आमच्या वेब्लीच्या डाव्या अंगावर गंजाने छापून ठेवला होता. बफवाल्याने तो घालवला, पण त्याबरोबर नंबरही नेला.

आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात, ते दिवसही मोजा. जमा करायच्या आदल्या रात्री आत-बाहेर तेलाचा पातळ हात फिरवतो, कोरड्या सुती कापडात गुंडाळतो, आणि पावतीवर नंबर पूर्ण लिहिलाय की नाही हे तिथेच उभं राहून वाचतो. मागच्या वेळी लिहिणाऱ्याने तीन लिहिला होता. मी म्हटलं, "साहेब, आठ आहे तो." त्यांनी भिंग मागवलं.